जेतेपदांची मोजदाद

इस्तंबूल शहरात बॉस्फोरसच्या मुखाशी, आशियाच्या काठावर कादिकय नावाची वस्ती आहे. फेनेरबाहचे हा फुटबॉलचा संघ तिथला. त्या वस्तीतल्या एखाद्या गृहस्थाला, ‘तुमच्या संघाने देशाचे विजेतेपद किती वेळा मिळवले?’ असे विचारले, तर तो २८ असे उत्तर देईल. नावेत बसून युरोपच्या काठावर उतरावे आणि गालातासाराय संघाच्या एखाद्या चाहत्याला फेनेरबाहचेविषयी तोच प्रश्न करावा. तो १९ म्हणेल. दोघांपैकी एकही खोटे बोलत नाही. दोघांपाशी सालवार याद्या आहेत आणि त्या याद्यांतील प्रत्येक सामना खरोखर खेळला गेलेला आहे. मग एकाच संघाच्या हिशेबात ९ विजेतेपदांचा फरक पडतो तो कशामुळे? प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा उलगडा करणार आहोत. विषय खेळाचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला मुद्दा आकड्यांवर विश्वास टाकणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. तुर्कस्तानात फुटबॉल आणला तो तेथे राहणाऱ्या इंग्रजांनी. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्या राजवटीत तुर्की तरुणांनी चारचौघांत एकत्र जमणेसुद्धा संशयास्पद मानले जाई. त्यामुळे १९०४ साली इस्तंबूलमध्ये पहिली साखळी स्पर्धा सुरू झाली, तीत इंग्रज आणि ग्रीक खेळाडूंचेच संघ होते. पुढे चित्र पालटले. बेशिकताश ही संस्था १९०३ साली व्यायामशाळा म्हणून निघाली होती. गालातासाराय १९०५ साली एका विद्यालयातल्या मुलांनी काढली आणि फेनेरबाहचे १९०७ साली स्थापन झाली. गालातासाराय आणि फेनेरबाहचे यांचा पहिला सामना १७ जानेवारी १९०९ रोजी झाला व गालातासारायने तो २-० असा जिंकला. त्याच हंगामात इस्तंबूलची साखळी जिंकणारा पहिला तुर्की संघ होण्याचा मानही गालातासारायला मिळाला. परंतु ही सारी विजेतेपदे एका शहराची होती, देशाची नव्हती.

देशाचे विजेतेपद ही कल्पना प्रजासत्ताकाबरोबर आली. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना रुमानियाशी २६ ऑक्टोबर १९२३ रोजी झाला. तो २-२ असा बरोबरीत सुटला आणि तुर्कस्तानचे दोन्ही गोल फेनेरबाहचेच्या झेकी रिझा याने केले. त्यानंतर तीनच दिवसांनी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९२४ साली, निरनिराळ्या प्रांतांचे विजेते एकत्र आणून ‘तुर्की फुटबॉल अजिंक्यपद’ ही स्पर्धा भरवण्यात आली व हार्बिये या युद्धविद्यालयाच्या संघाने ती जिंकली. १९५१ पर्यंत ही स्पर्धा चालली, पण दरवर्षी नव्हे. १९२४ नंतर ती १९२७ साली झाली आणि त्यानंतर एकदम १९३२ साली.

दरम्यान १९३७ साली दुसरी एक स्पर्धा निघाली, तिचे नाव ‘मिल्ली क्युमे’, म्हणजे राष्ट्रीय गट. इस्तंबूल, अंकारा व इझमीर या मोठ्या शहरांतले निवडक संघ तीत साखळी पद्धतीने खेळत. तीही अधूनमधून खंड पडत १९५० पर्यंत चालली. आता एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी. या दोन्ही स्पर्धा काही वर्षे एकाच वेळी चालू होत्या. १९४० साली मिल्ली क्युमे फेनेरबाहचेने जिंकली आणि अजिंक्यपद एस्किशेहिर देमिरस्पोरने. १९४६ साली एक फेनेरबाहचेकडे गेले, दुसरे अंकाऱ्याच्या गेंचलेरबिर्लिईकडे. १९५० साली एक फेनेरबाहचेकडे, दुसरे इझमीरच्या गझतेपेकडे. तात्पर्य, त्या वर्षी देशाचा विजेता कोण या प्रश्नाला दोन उत्तरे होती, आणि दोन्ही खरी होती.

१९५२ साली इस्तंबूलमध्ये व्यावसायिक साखळी सुरू झाली आणि जुन्या स्पर्धा मागे पडल्या. इतक्यात युरोपात विजेत्या संघांची नवी स्पर्धा निघाली. तीत तुर्कस्तानने कोणाला पाठवावे? देशाचा विजेता ठरवणारी स्पर्धाच त्या वेळी अस्तित्वात नव्हती. म्हणून महासंघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन हंगामांत ‘फेडरेशन चषक’ भरवला. दोन्ही वेळा तो बेशिकताशने जिंकला. १९५८ साली हाच संघ युरोपच्या स्पर्धेत रेआल माद्रिदसारख्या बलाढ्य संघाशी खेळला. पहिला सामना ०-२ असा हरला आणि दुसरा १-१ असा बरोबरीत सोडवला.

अखेर १९५९ साली ‘मिल्ली लिग’, म्हणजे राष्ट्रीय साखळी, सुरू झाली. १६ संघ दोन गटांत खेळले आणि गटविजेत्यांची गाठ अंतिम फेरीत पडली. हे गटविजेते गालातासाराय आणि फेनेरबाहचे हेच होते. १० जूनच्या पहिल्या सामन्यात गालातासारायच्या मेतिन ओक्ताय याने मारलेला चेंडू जाळे फाडून बाहेर गेला. गालातासारायने तो सामना १-० असा जिंकला. त्या फाटलेल्या जाळ्याची गोष्ट तुर्कस्तानात आजही सांगितली जाते. परंतु चारच दिवसांनी फेनेरबाहचेने ४-० अशी परतफेड केली आणि पहिले विजेतेपद पटकावले. गुणपत्रकात मेतिनचा गोल इतर कोणत्याही गोलाइतकाच, एक, एवढाच आहे.

१९५९ पासून आजतागायत ही साखळी अखंड चालू आहे. २०२४-२५ च्या हंगामाअखेर तिची ६७ विजेतेपदे झाली. त्यांची वाटणी अशी: गालातासाराय २५, फेनेरबाहचे १९, बेशिकताश १४, त्राबझोनस्पोर ७, बुर्सास्पोर १ आणि इस्तंबूल बाशाकशेहिर १. इथपर्यंत सारे स्वच्छ आहे. परंतु २००२ साली महासंघाने फेडरेशन चषकाची दोन वर्षेही विजेतेपदे म्हणून ग्राह्य धरली आणि त्यामुळे वरच्या वाटणीतल्या बेशिकताशच्या १४ मध्ये ही २ मिळवून अधिकृत आकडा १६ होतो. मूळ वादाचे बीज येथे आहे. १९५९ च्या आधीचा काळ मोजायचाच नसेल, तर १९५७ कसे मोजले? आणि १९५७ मोजले, तर १९३७ ने काय घोडे मारले? फेनेरबाहचेचे म्हणणे नेमके हेच आहे. त्या संघाने मिल्ली क्युमे ६ वेळा व अजिंक्यपद ३ वेळा जिंकले होते. १९ मध्ये हे ९ मिळवले की २८ होतात.

हा केवळ मनाच्या समाधानाचा प्रश्न नाही. तुर्कस्तानात ५ विजेतेपदांमागे एक तारा अंगरख्यावर लावण्याचा प्रघात आहे. १९ विजेतेपदांचे तारे होतात ३. २८ चे होतात ५. फेनेरबाहचेने २०२३ साली आपल्या चिन्हावर ५ तारे मिरवायला सुरुवात केली. गालातासारायने २०२५ साली २५ वे विजेतेपद जिंकून, अधिकृत मोजणीप्रमाणे, पाचवा तारा मिळवला. आता दोन्ही संघांच्या छातीवर पाच पाच तारे आहेत, आणि प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचा हिशेब चुकीचा आहे. सर्वच जुन्या स्पर्धा मोजल्या तर काय होते, तेही पाहावे. गालातासारायने १९३९ साली मिल्ली क्युमे जिंकली होती. तिचे २५ चे २६ होतात. बेशिकताशची आणखी ५ वाढून २१ होतात. फेनेरबाहचे २८ वर जाऊन पहिल्या क्रमांकावर बसते. सामना एकही नव्याने खेळला गेला नाही, गोल एकही वाढला नाही. वही कोणत्या पानापासून उघडायची एवढे बदलले, आणि पहिल्याचा दुसरा झाला.

जुन्या स्पर्धा मोजू नयेत असे म्हणणारे सांगतात की त्या खऱ्या अर्थाने देशव्यापी नव्हत्या. हे म्हणणे वरवर पटण्याजोगे आहे. मात्र १९५९ च्या पहिल्या राष्ट्रीय साखळीतल्या १६ संघांपैकी ८ इस्तंबूलचे, ४ अंकाऱ्याचे आणि ४ इझमीरचे होते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे देशव्यापीपणाची कसोटी लावली, तर ती १९५९ लाही लावावी लागेल. छोट्या शहरांचे संघ त्यानंतर हळूहळू वर आले. १९६३-६४ पासून दुसऱ्या श्रेणीची साखळी सुरू झाली आणि बढतीचा मार्ग खुला झाला. काळ्या समुद्राच्या काठचा त्राबझोनस्पोर संघ १९६७ साली स्थानिक संघांच्या एकीकरणातून जन्माला आला आणि १९७६ साली इस्तंबूलबाहेरचा पहिला विजेता ठरला. १९५९ ची बाजू बळकट करणारा खरा मुद्दा आमच्या मते सातत्याचा आहे. तेव्हापासून एकच स्पर्धा, एकच नोंदवही, एकही वर्ष रिकामे नाही. ही मोठी गोष्ट आहे. परंतु तो सोयीचा मुद्दा आहे, न्यायाचा नव्हे, एवढे भान ठेवले पाहिजे.

विजेतेपदांचे हे झाले. खेळाडूंच्या विक्रमांनाही हाच न्याय लागू पडतो. राष्ट्रीय साखळीत सर्वाधिक गोल हाकान शुकूर याच्या नावावर आहेत, २४९. त्याच्या पाठोपाठ तान्जू चोलाक, २४०. मेतिन ओक्ताय याचे २१७. परंतु मेतिन गालातासारायमध्ये आला तो १९५५ साली. १९५९ पूर्वी त्याने इस्तंबूलच्या साखळीत केलेले गोल या २१७ मध्ये नाहीत. झेकी रिझाचे तर या यादीत नावच येत नाही. त्याची कारकीर्द साखळी सुरू होण्यापूर्वीच संपली होती. इस्तंबूल परक्या सैन्याच्या ताब्यात असताना, २९ जून १९२३ रोजी, फेनेरबाहचेने ब्रिटिश सैनिकांच्या निवडक संघाला २-१ असे हरवले. ते दोन्ही गोल झेकीचे होते. त्या दिवशी शहराला जो आनंद झाला असेल, त्यासाठी कोणत्याही गुणपत्रकात रकाना नाही.

एका हंगामातील गोलांचा विक्रम पाहा. १९६२-६३ साली मेतिनने ३८ गोल केले. १९८७-८८ साली तान्जूने ३९ केले आणि विक्रम मोडला. पण मेतिनचे ३८ गोल २६ सामन्यांतले आहेत, तर तान्जूच्या हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला ३८ सामने होते. विक्रम तान्जूचाच, यात शंका नाही. परंतु दोघांत थोर कोण, याचा निकाल या एका आकड्याने लागत नाही.

गुणांची तऱ्हाही अशीच. १९८७-८८ पूर्वी विजयाला २ गुण मिळत. त्या हंगामापासून ३ मिळू लागले. १९८८-८९ साली फेनेरबाहचेने ३६ सामन्यांत १०३ गोल आणि ९३ गुण केले. २०२३-२४ साली गालातासारायने १०२ गुण मिळवले, पण ३८ सामन्यांत. विशेष म्हणजे त्याच हंगामात फेनेरबाहचेने ९९ गुण मिळवले, अवघा एक सामना हरला, आणि तरीही तो दुसराच राहिला. त्याहून चमत्कारिक गोष्ट १९८५-८६ ची. गालातासाराय ३६ सामन्यांत एकदाही हरला नाही: २० विजय, १६ बरोबऱ्या, ५६ गुण. बेशिकताश दोन सामने हरला, पण २२ जिंकून व १२ बरोबरीत सोडवून त्याचेही गुण ५६ झाले. गोलांच्या फरकावर विजेतेपद बेशिकताशला मिळाले. अपराजित संघ दुसरा आला! पुढच्या काळातला ३ गुणांचा नियम लावला असता, तर बेशिकताशचे ७८ आणि गालातासारायचे ७६ झाले असते, म्हणजे गोल मोजण्याची गरजच पडली नसती. १९९१-९२ साली मात्र बेशिकताशने ३० सामन्यांत एकही पराभव न पत्करता विजेतेपदही मिळवले.

मग या सगळ्यांतून वाचकाने काय घ्यावे? आकडे खोटे असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट इथला प्रत्येक आकडा खरा आहे. मात्र आकड्यापाशी तीन गोष्टींची चौकशी करावी: मोजणी कोठून सुरू झाली, ती कोणी ठरवली, आणि तीतून कोण वगळले गेले. पहिल्या दोन प्रश्नांवर मोठे संघ आपसांत भांडतात, कारण त्यांच्या ताऱ्यांचा तो प्रश्न आहे. तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

म्हणून शेवटी त्याच्याविषयी दोन शब्द. वर एस्किशेहिर देमिरस्पोरचा उल्लेख आला आहे. एस्किशेहिर हे अनातोलियाच्या पठारावरचे रेल्वेचे शहर. तेथे आगगाड्यांचे कारखाने आहेत आणि देमिरस्पोर हे नावच लोहमार्गावरून आलेले आहे. १९४० साली हा संघ देशाचा अजिंक्य ठरला. त्याला तारा नको आहे. एका विजेतेपदाला तारा मिळतही नाही. परंतु अधिकृत यादी उघडली, तर तीत त्याचे नावच सापडत नाही. आमच्या मते यावर उपाय साधा आहे. १९५९ नंतरची वही जशी आहे तशी राहू द्यावी. तिच्याशेजारी जुनी वहीही छापावी, आणि प्रत्येक सालापुढे स्पर्धा कोणती होती, तीत कोण खेळले, हे स्पष्ट लिहावे. बेरीज ज्याची त्याने करावी. फेनेरबाहचेला २८ म्हणता येईल, गालातासारायला २५ म्हणता येईल, आणि एस्किशेहिरच्या एखाद्या रेल्वे कामगाराच्या नातवाला १९४० या सालासमोर आपल्या गावाचे नाव बोट ठेवून दाखवता येईल.