टीव्हीवरची गोष्ट पुस्तकात उतरते तेव्हा

"सर, डोरेमॉनचं पुस्तक आहे का?" वाचनाच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. सातारा जिल्ह्यातलं भिलार 2017 साली पुस्तकांचं गाव झालं. पुढे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचीही तशीच निवड झाली. अशा ठिकाणी मुलांना नेलं तरी काही जण आधी टीव्हीवरचंच शोधतात. पालक कपाळाला हात लावतात. मला मात्र या प्रश्नात वाचनाची वाट दिसते.

टीव्ही मालिकेवरून पुस्तक लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विज्ञानकथेत तर ती फारच रुजली. तिचं मोठं उदाहरण म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू'. ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली. काळातून प्रवास करणारा एक डॉक्टर आणि त्याचं यान, जे बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसतं आणि आतून प्रचंड मोठं आहे. त्या काळी घरी व्हिडिओ नव्हता. भाग चुकला म्हणजे चुकला. त्यात टेप महाग असायच्या, त्यामुळे बीबीसी जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड करायची. 1960 च्या दशकातले या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग आजही बेपत्ता आहेत.

पण त्यांच्या गोष्टी गेल्या नाहीत, कारण त्यांची पुस्तकं निघाली. 1973 पासून 'टार्गेट' या प्रकाशनाने ती लहान, स्वस्त आकारात काढली. टेरन्स डिक्स या एकट्या लेखकाने साठाहून जास्त लिहिली. हे गृहस्थ मालिकेचे पटकथा संपादक होते, म्हणजे आतली माहिती असलेला माणूस. इंग्लंडमधली एक अख्खी पिढी ही पुस्तकं वाचत वाढली. सगळी चांगली होती असं नाही, काही घाईत उरकलेलीही होती. पण पात्रं ओळखीची असल्यामुळे अडखळत वाचणारं पोरही पान उलटत राहायचं. पुढे काय होणार याचा अंदाज असला की अवघड शब्दसुद्धा संदर्भाने लागतो, हे आपण वर्गात रोज बघतो.

याचा एक धागा आपल्याकडेही येतो. आपल्या कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली शिकले, ते फ्रेड हॉइल मोठे शास्त्रज्ञ होतेच, शिवाय विज्ञानकथाही लिहायचे. 1961 मध्ये त्यांनी जॉन एलियट यांच्यासोबत बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका लिहिली. अवकाशातून रेडिओ संदेश येतो आणि त्यात एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात, अशी ती गोष्ट. पुढच्याच वर्षी दोघांनी तिची कादंबरी केली. आज मालिकेच्या सात भागांपैकी एकच पूर्ण उरला आहे. कादंबरी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येते. नारळीकरांनी पुढे स्वतः मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, 1974 च्या सुमारास पहिली पाठवली तीही टोपणनावाने, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच.

आता मुद्द्याचं. पडद्यावरचं जसंच्या तसं कागदावर येत नाही. 'डॉक्टर हू'चं पहिलं पुस्तक 1964 मध्ये डेव्हिड व्हिटेकर यांनी लिहिलं. ते डॅलेक या शत्रूंच्या गोष्टीवर होतं आणि ही गोष्ट मालिकेत दुसरी आली होती. वाचकाला आधीचं काही माहीत नाही असं धरून त्यांनी सुरुवातच बदलली. टीव्हीवर दोन शिक्षक एका विद्यार्थिनीच्या मागे तिच्या घराचा पत्ता शोधत जातात. पुस्तकात धुक्यातल्या रस्त्यावर अपघात होतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. शिवाय सगळं इयान हे पात्र 'मी' म्हणून सांगतं. कॅमेऱ्याला सगळं दिसतं. 'मी'ला फक्त त्याला दिसतं तेवढंच. तेवढ्या एका बदलाने भीती वाढते.

हे मी पाचवीच्या वर्गात करून घेतो. अख्खा भाग लिहायला सांगितला की "मग तो गेला, मग ती आली, मग ते पळाले" अशी मगांची माळ तयार होते. म्हणून एकच प्रसंग घ्यायचा. डोरेमॉनचं कुठेही नेणारं दार उघडतं, एवढाच. वेळ वीस मिनिटं. आधी तोंडी प्रश्न. टीव्हीवर इथे भीतीचं संगीत वाजतं, वहीत ते कसं वाजवणार? दारापलीकडे गार आहे की ऊन? वास कसला? नोबिताच्या पोटात काय होतंय? पहिल्यांदा "नोबिता घाबरला" असं लिहिणारा मुलगा दुसऱ्या खेपेला "नोबिताचा हात दाराच्या कडीवरच राहिला" असं लिहितो. मग पुढच्या तासाला तोच प्रसंग नोबिता होऊन 'मी'ने सुरू करायचा. घरी पालकांनाही हे जमेल. मालिका संपली की टीव्ही बंद करायचा आणि एक प्रसंग लिहायला लावायचा, शुद्धलेखनाचं नंतर बघू.

आणखी एक गंमत होते. मुलं ही मालिका हिंदीत बघतात आणि मराठीत लिहायची वेळ आली की संवादांना नवीन भाषा शोधावी लागते. काही जण "बचाओ" तसंच ठेवतात, काही "वाचवा वाचवा" करतात. एकीने नोबिताच्या आईच्या तोंडी घातलं, "आरं नोब्या, आभ्यास कवा करणार रं?" वर्ग हसला, पण वाक्य खोडायचं नाही असंच ठरलं. अवतरणचिन्हातलं बोलणं घरचं, बाहेरचं निवेदन पुस्तकातलं. हा नियम तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे.