विंडोजचा गेम लिनक्सवर: आमच्या ‘राजी’ची गोष्ट

दिवाळीत माजलगावला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ लॅपटॉप घेऊनच बसला. “दादा, विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला, ११ चढत नाही. पप्पा म्हणतात, उसाचं बिल आलं की नवा बघू.”

लॅपटॉप धडधाकट, फक्त इंटेलच्या सातव्या पिढीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला आणि ११ च्या अटीत हा प्रोसेसर बसत नाही. तेवढ्यासाठी मामाच्या उसाचे पैसे घालायचे? मी म्हटलं, लिनक्स मिंट टाकू. त्याची अट एकच: ‘राजी’ चालला पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम २०२० मध्ये आला, आणि पीसीवर तो विंडोजसाठी आहे.

मग लिनक्सवर चालतो कसा? गेमचा कोड प्रोसेसरला थेट कळतोच. अडतं कुठे, तर गेम ‘फाइल उघड, चित्र काढ’ हे विंडोजच्या पद्धतीनं मागतो. तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात ना? आपण बोलतो, ते सरकारी भाषेत मांडतात. १९९३ पासून चालू असलेलं ‘वाईन’ हेच काम करतं. २०१८ मध्ये व्हॉल्व्हनं त्यावरून ‘प्रोटॉन’ काढलं. त्यातलं डीएक्सव्हीके हे विंडोजच्या डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कनमध्ये रूपांतर करतं.

सी ड्राइव्ह पुसून मिंट टाकलं. डी ड्राइव्हवर गेम होता, तो तसाच ठेवला, कारण घरी नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून कंपॅटिबिलिटीत प्रोटॉन निवडलं, प्ले दाबलं... आणि काहीच नाही! पोरगं एवढंसं तोंड करून बसलं.

कारण साधं निघालं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी खोटा सी ड्राइव्ह बनवतं. त्यात ‘सी:’ अशा नावाच्या लिंका असतात. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर अशी नावं आणि फाइलच्या परवानग्या यांचा घोळ होतो. गेमचं फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर, स्टीमच्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये कॉपी केलं आणि इन्स्टॉल दाबलं. स्टीमनं आहे त्या फाइली तपासून घेतल्या. सगळा गेम पुन्हा उतरवावा लागला नाही.

गेम उघडला, पण बैलगाडीच्या चालीनं. एनव्हिडियाचं स्वतःचं ड्रायव्हरच नव्हतं. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकलं, रीस्टार्ट केलं, आणि राजी पळायला लागली!

एक मात्र सांगतो. सगळंच चालत नाही. व्हॅलोरंटचं अँटी-चीट थेट विंडोजच्या गाभ्यात बसतं, तिथं प्रोटॉनचा इलाज नाही. म्हणून विंडोज पुसायच्या आधी प्रोटॉनडीबीवर आपला गेम शोधा आणि डेटाची कॉपी काढून ठेवा.

मामाचे पैसे तूर्त वाचले. तुमचा गेम कुठे अडलाय, व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!