ऑगस्टची गुणवत्ता जानेवारीत कशी गेली?

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात बुटाला अशी धरते, की चेंडू राहिला बाजूला, आधी पाय उचलायचीच कसरत. शालेय फुटबॉलचे दिवसही हेच. अशा चिखलात जो पोरगा बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच आणि मांड्यांनी भरलेला, तोच चेंडू घेऊन निसटतो. कडेला उभे असलेले बाप मग म्हणतात, ‘पोट्ट्याच्या आंगातच हाय गा खेळ!’ झाला निकाल. एका पोराला बूट मिळणार, दुसऱ्याला शिकवणी.

बापांचे डोळे खोटं बघत नाहीत. तो पोरगा त्या दिवशी खरंच सरस खेळलेला असतो. पण त्या सरसपणात खेळ किती आणि वय किती, हे कडेवरून दिसत नाही.

शालेय स्पर्धांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. २०२४-२५ च्या चौदा वर्षांखालील गटात १ जानेवारी २०११ ला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं पात्र होती. म्हणजे २०११ च्या जानेवारीतला आणि डिसेंबरातला, दोघेही कागदावर सारखेच. प्रत्यक्षात एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तिशीत या फरकाला कोणी विचारत नाही, पण बारा-तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे उंची, फुप्फुसं, स्नायू, धक्का सोसायची ताकद. त्यात मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी चौदाच्या आसपास येतो. कुणाचा दोन वर्षं आधी, कुणाचा दोन वर्षं उशिरा. एकाच वर्गातल्या एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो.

हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते कॅनडात, बर्फावरच्या हॉकीत. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली सामना बघायला गेले होते. माहितीपत्रकातल्या खेळाडूंच्या जन्मतारखांकडे त्यांचं लक्ष वेधलं त्यांच्या पत्नी पॉला यांनी: जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच जास्त. १९८५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर इतकी वर्षं प्रशिक्षक आणि पालक याच पोरांना बघून ‘जन्मजात’ म्हणत होते.

तरीही कोणी म्हणेल, हिवाळ्यात जन्मलेली पोरं काटकच निघत असतील. या शंकेचं उत्तर बेल्जियमच्या फुटबॉलने दिलं, आणि मला या विषयातला सगळ्यात पक्का पुरावा तोच वाटतो. तिथे वयोगटाचं वर्ष आधी १ ऑगस्टला सुरू व्हायचं. तेव्हा निवडल्या जाणाऱ्या मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरची मुलं जास्त असत. १९९७ मध्ये ती तारीख १ जानेवारी झाली. वर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या याद्या ताडून पाहिल्या, तर निवडीचा कल जानेवारी ते मार्चकडे सरकला होता. देश तोच, आईबाप तसेच, मैदानंही तीच. बदललं होतं फक्त कॅलेंडर, आणि ऑगस्टची ‘गुणवत्ता’ जानेवारीत जाऊन बसली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर पुढे सगळे मोठे झाल्यावर हिशेब बरोबर झाला असता. पण निवडलेल्या पोराला प्रशिक्षक मिळतो, सामने मिळतात, घरात वाटीभर दूध जास्त मिळतं. पुढच्या वर्षी तो खरोखरच चांगला खेळतो, आणि बाप म्हणतो, ‘म्या काय म्हनलं होतं?’ डिसेंबरचं पोर तोवर घरी बसलेलं असतं.

आईवडिलांच्या मताचं वजन किती, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं तपासलं. खेळाच्या बाबतीत पालक मुलाला मुलीपेक्षा सरस मानतात, आणि मुलं स्वतःला कसं जोखतात हे बरंचसं त्या मतावरून ठरतं. शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे. पण त्या गटापर्यंत पोचायच्या आधीच कितीतरी पोरींचा निकाल घरच्या ओसरीवर लागतो.

निकाल लावायची घाई का होते, तेही समजून घ्यायला हवं. खारं पाणी, कपाशी-तूर-सोयाबीनची पावसावरची शेती, आणि दहावी-बारावीचे क्रीडागुण व सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण समोर दिसत असताना बाप लवकर हिशेब मांडणारच. त्याला हौशी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. चूक आहे ती हिशेबाच्या तारखेत.

२०२२ मध्ये आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी ६,०९६ खेळाडूंवरचे ५१ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतले ७७२ जागतिक पातळीवरचे होते. लहानपणी चमकलेली मुलं एकाच खेळात लवकर गुंतलेली आणि झपाट्याने पुढे गेलेली होती. मोठेपणी जगाच्या वरच्या फळीत पोचलेल्यांचं मात्र उलट: लहानपणी अनेक खेळ, मुख्य खेळाची सुरुवात उशिरा, सुरुवातीची प्रगती संथ. आट्यापाट्या, कबड्डी आणि टेनिसबॉल क्रिकेट खेळून मग फुटबॉलकडे वळलेल्या भातकुलीच्या पोराला उशीर झालेला नाही, हे यावरून कळावं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात तर १९१४ पासून मल्लखांबापासून कुस्तीपर्यंत सगळं शेजारी-शेजारी नांदत आलं आहे. मात्र उद्या कुणी ‘प्रशिक्षक नको, खेळू द्या नुसतं’ म्हणेल तर तेही खरं नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवलं. त्या पोरांना मोकळं खेळता येत होतंच, त्यांना हवं होतं ते कुणीतरी रोज येऊन उभं राहणं.

‘हुशार आहेस’ऐवजी ‘मेहनत केलीस’ म्हणा, हा कॅरल ड्वेक यांचा सल्ला हल्ली पालकसभांत सर्रास ऐकू येतो. तो वाईट नाही, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत त्याचा परिणाम बेताचाच निघाला. शब्द बदलले आणि निवड तशीच राहिली, तर पोराच्या हाती काय लागणार?

त्यापेक्षा नेदरलँड्समधला एक प्रयोग करून बघण्याजोगा आहे. डेव्हिड मान आणि व्हॅन गिनेकेन यांनी खेळाडू हेरणाऱ्या माणसांना लहान मुलांचा सामना दाखवला. नुसत्या जन्मतारखांची यादी हातात दिली, तरी कल मोठ्या पोरांकडेच राहिला. पण बनियनवरचे आकडे वयाच्या क्रमाने लावले आहेत असं सांगितलं, तेव्हा तो कल गेला. याला ना खर्च, ना सरकारी परवानगी. आपल्याकडे अडचण एकच आली असती: जुन्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकलेला, मग क्रम लावायचा कसा? आजच्या पोरांच्या तारखा मात्र जन्मदाखल्यावरच्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात कुण्या शाळेने हे आकडे लावलेच, तर कडेवरच्या बापांनी आधी बनियन बघावं आणि मग पाय.