झांशीचे वाचक

एखाद्या गृहस्थाच्या घरी पुस्तके किती आहेत, यापेक्षा ती त्या घरात कोणत्या वाटेने आली आणि त्यांतली कोणती त्याने खरोखर उघडली, याची चौकशी केली असता त्याच्या कुळाचा व आयुष्याचा पुष्कळसा इतिहास अनायासे हाती लागतो. वाचनाची आवड ही आपली सर्वस्वी खाजगी मिळकत आहे अशी आपली समजूत असते. परंतु तिच्या दप्तरात शिरून पाहिले म्हणजे आजोबांची भिक्षुकी, वडिलांची कारकुनी, आईचे चातुर्मासातले नेम आणि स्वतःच्या वाट्याला आलेले आजार, मृत्यू व खटले यांच्याच नोंदी पानोपानी सापडतात. हे सिद्ध करण्यास दूर जावयास नको, असे मात्र मी म्हणणार नाही. उलट वाचकाने माझ्याबरोबर पार बुंदेलखंडात, झांशीच्या लक्ष्मी तालावर यावे अशी माझी विनंती आहे. कारण तिथल्या एकाच मराठी घराण्याच्या आसपास इतक्या निरनिराळ्या प्रकृतीचे वाचक होऊन गेले की, या विषयाची जणू सर्व कलमे एकाच फडात मांडलेली आढळावीत.

झांशी शहराच्या लक्ष्मी दरवाज्याबाहेर हे तळे आहे. काठावर नेवाळकरांच्या कुलस्वामिनीचे, महालक्ष्मीचे देवालय आहे. जवळच याच घराण्यातले झांशीचे राजे गंगाधरराव यांची छत्री आहे, जी १८५३ च्या नोव्हेंबरात ते निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी राणी लक्ष्मीबाईंनी बांधविली. नेवाळकर हे मूळचे रत्नागिरीकडचे कऱ्हाडे ब्राह्मण. पेशव्यांच्या चाकरीत घराणे वर आले, खानदेशात पारोळ्यास स्थिरावले आणि त्यांच्यातल्या रघुनाथ हरींकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झांशीची सुभेदारी आली. कोकणातून निघालेल्या माणसांनी इतक्या दूर येऊन तळ्याकाठी आपली देवी बसविली, यावरून मराठी घर परमुलखात जाताना काय काय बरोबर नेते याचा अंदाज येतो. देवीबरोबर पोथ्या येतात, पोथ्यांबरोबर त्या वाचण्याची रीत येते, आणि ही रीत पोथ्यांहूनही चिवट असते.

विल्यम हंटर नावाचा एक स्कॉटिश शस्त्रवैद्य १७९२-९३ च्या सुमारास आग्र्याहून उज्जयिनीपर्यंत प्रवासास गेला होता. या प्रवासात त्याची रघुनाथ हरींशी गाठ पडली. सुभेदारी धाकट्या भावाच्या, शिवराव भाऊंच्या स्वाधीन करून ते तेव्हा निवृत्त झाले होते, आणि या वृद्ध गृहस्थाविषयी हंटरने जे लिहून ठेवले आहे ते वाचून आजही कोणी थक्क व्हावे. त्यांना जडलेल्या एका जुन्या व्याधीवर उपाय विचारण्यासाठी ते कानपुरास युरोपीय वैद्यांकडे गेले. व्याधी काही हटली नाही, पण त्या लोकांच्या विद्येचे वेड मात्र त्यांना लागले. त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची दुसरी आवृत्ती पैदा केली. १७७७ ते १७८४ या काळात एडिंबरो येथे निघालेले हे दहा खंड, छपाईची कला ज्या मुलखात कोणी पाहिलीही नव्हती अशा बुंदेलखंडात, एका मराठी सुभेदाराच्या घरी येऊन पडले. ताम्रपटांवरून छापलेल्या चित्रांच्या आधारे आत काय दडले आहे याचा त्यांनी माग काढला, त्यातले रसायनशास्त्रावरचे लेख भाषांतरित करवून घेतले आणि स्वतः इंग्रजी शिकण्याचाही उद्योग मांडला. पुढे रोग असाध्य ठरल्यावर याच गृहस्थांनी काशीस जाऊन गंगेत देह टाकला.

या एका हकीकतीत वाचनशास्त्राचे निम्मे सार आलेले आहे. ब्रिटानिकाचे खंड रघुनाथ हरींच्या घरातून आलेले नव्हते. ते त्यांच्या देहाच्या दुखण्यातून आले. ज्या प्रश्नाचे उत्तर घरच्या पोथीत मिळेना त्या प्रश्नाने त्यांना परक्या ग्रंथापर्यंत नेले. परंतु ग्रंथ हाती आल्यावर त्याच्याशी वागण्याची पद्धत मात्र शंभर टक्के घरची होती: जाणता मनुष्य जवळ बसवावा, त्याने अर्थ सांगावा, आपण ऐकावे, उतरवून घ्यावे. पुराणिकाच्या जागी दुभाषी आला, इतकाच काय तो फरक. आणि दहा खंडांनीही जेव्हा इलाज सांगितला नाही तेव्हा अखेरचा निर्णय घराच्या जुन्या श्रद्धेनेच केला. वाचनाचा विषय आयुष्य ठरविते आणि वाचनाची रीत घर ठरविते, असे जे मला या लेखात सांगावयाचे आहे, त्याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

गंगाधररावांची गोष्ट निराळी. त्यांना नाटकांचा नाद होता, आणि तोही अशा काळात की ज्या काळात, १८४३ साली, सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले. राज्याची खरी मुखत्यारी इंग्रज अंमलदारांच्या हाती गेली असता संस्थानिकांच्या वाट्याला जे उरले होते त्यात नाटकशाळा आणि ग्रंथशाळा या दोन गोष्टी होत्या, आणि दोहोंवर गंगाधररावांनी पैसा खर्चिला. पदरी ग्रंथालय ठेवणे हे त्या काळी आजच्यासारखे एकट्याने कोपऱ्यात बसून वाचण्याचे साधन नव्हते; अन्नछत्रासारखी ती दौलतीची एक जबाबदारी होती. न मिळणारा ग्रंथ कोठे आहे असे कळले की लेखक पाठवून त्याची प्रत करवून आणावी, आणि इकडचा ग्रंथ उतरून घेण्यास परगावचा शास्त्री आला तर त्याची सोय लावून द्यावी, असा तो व्यवहार. झांशीच्या संग्रहाची कीर्ती अशी की प्रत्यक्ष काशीहून विद्वान तेथे ग्रंथ उतरवून नेण्यास येत.

लक्ष्मीबाईंचे वाचन तर घर आणि आयुष्य यांच्यातल्या ओढाताणीचे चित्रच आहे. मोरोपंत तांब्यांची ही मातृहीन कन्या ब्रह्मावर्तास, पदच्युत बाजीरावांच्या वाड्यात वाढली. मुलांच्या संगतीत लिहावाचावयास शिकली. वैधव्यातल्या त्यांच्या नित्यक्रमात पुराणश्रवण होते, आणि अकराशे रामनामे कागदावर लिहून, त्यांच्या कणकेत गोळ्या करून माशांना घालण्याचा नेमही होता, असे चरित्रकार सांगतात. हे सारे माहेरच्या आणि सासरच्या घराने दिलेले. पण १८५४ साली गंगाधररावांचा दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा होण्याचा प्रसंग आला, तेव्हा याच बाईंच्या दरबारातून गव्हर्नर जनरलकडे जे खलिते गेले त्यांत १८१७ च्या तहनाम्यातली कलमे होती, आणि शेजारच्या ओरछा, दतिया, जालौन या संस्थानांत दत्तक कसे मान्य झाले याचे दाखले होते. मसुदा कारकुनांनी केला असेल. परंतु तहनाम्याचा शब्द न् शब्द वाचवून घेणे, त्यावर सवालजवाब करणे, हे धन्याचेच काम. संध्याकाळी पुराण ऐकणाऱ्या या बाईंना दिवसा कायदा ऐकावा लागला, आणि तो त्यांनी त्याच सवयीच्या कानांनी, तितक्याच एकाग्रतेने ऐकला.

आता त्या ग्रंथालयाचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. सुटी, आडवी पाने एकावर एक रचलेली, वरखाली लाकडी फळ्या, सभोवती रुमाल आणि त्यावर दोरा, अशी तिची घडण असते. वाचणारा एकेक पान उचलतो, वाचून झाले की पालथे ठेवतो; म्हणजे रुमाल हेच पोथीचे कवच आणि तोच तिचा बांधा. १८५८ च्या एप्रिलात सर ह्यू रोजच्या फौजेने झांशी घेतली व वाडा लुटला, तेव्हा सोजिरांना हवे होते ते रुमाल. ते ओढून घेतल्यावर ग्रंथाचा ग्रंथपणाच संपला आणि पाने वाऱ्यावर गेली. हा विध्वंस आपल्याला कळतो तो विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरचे कर्ज फिटावे म्हणून, मथुरेस बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञाची दक्षिणा मिळविण्यासाठी १८५७ साली चुलत्यांबरोबर निघाला, आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झांशीच्या वेढ्यात अडकला. त्याची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली, पुष्कळ फेरफार करून, प्रसिद्ध केली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली.

गोडसे भटजींचे लेखन हेही एका वाचकाचे लेखन आहे, पण डोळ्यांपेक्षा कानाने वाचणाऱ्याचे. वेदपाठाच्या घरात वाढलेल्या या मनुष्याची स्मृती इतकी तयार होती की वीस-पंचवीस वर्षांनी त्याने पंक्तीतली पक्वान्ने, दक्षिणेचे आकडे आणि प्रेतांनी भरलेले रस्ते सारख्याच तपशिलाने सांगितले. झांशीच्या ग्रंथांचे वर्णन करतानाही त्याच्या नजरेत प्रामुख्याने भरली ती वेदभाष्ये, सूत्रे, शास्त्रे. तिकडे शस्त्रवैद्य हंटरच्या नजरेत भरला होता तो रसायनाचा अभ्यास. साठ-पासष्ट वर्षांच्या अंतराने दोघांनी त्याच घराण्याच्या ग्रंथप्रेमाकडे पाहिले आणि दोघांनीही आपापल्या घरचीच विद्या तेथे ओळखली. तेव्हा दुसऱ्याच्या कपाटाकडे पाहून त्याच्यावर अभिप्राय देणाऱ्यांनी थोडे जपून असावे. त्या अभिप्रायात आपलेही कुळ उघडे पडत असते.

हा नियम राजवाड्यांपुरता आहे असे कोणी समजू नये. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी. त्यांच्या घरी नित्य अभंग, दोहे आणि रामायण-पांडवप्रतापाचे वाचन होई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला अभ्यासासाठी ते रात्री दोन वाजता उठवीत, आणि त्याने मागितलेल्या पुस्तकासाठी मुलींचे दागिने गहाण टाकीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे याच भीमराव आंबेडकरांच्या ‘राजगृह’ या घरी जो ग्रंथसंग्रह उभा राहिला त्यातले कायदा, अर्थशास्त्र आणि बौद्धमत हे विषय अपमान सोसलेल्या आयुष्याने मागून घेतलेले होते. रात्र रात्र जागून वाचण्याची रीत मात्र बापाच्या घरची होती. उलट रमाबाई रानड्यांना माहेरने अक्षरओळखही दिली नव्हती. १८७३ साली विवाह झाल्यावर त्यांना पतीने शिकविले, आणि सासरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या रोषाला तोंड देत त्यांनी ती विद्या टिकविली. घराने नाकारलेली गोष्टही वाचनावर आपला ठसा ठेवते. रमाबाईंना प्रत्येक इयत्ता झगडून घ्यावी लागली, आणि इतर स्त्रियांना तो झगडा पडू नये म्हणून त्या पुढे सेवासदनात राबल्या.

आज कित्येक घरांतून पोथीची जागा मोबाइलने घेतली आहे, याबद्दल शोक करणाऱ्यांच्या मेळाव्यात सामील होण्याची मला इच्छा नाही. साधन बदलले तरी हिशेब तोच राहतो. ज्याच्या घरी जेवताना वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई तो आज चांगले काही वाचले की लगेच दुसऱ्यास ऐकवितो. ज्याच्या घरी पुस्तक ही परीक्षेपुरती वस्तू होती तो चाळिशीतही प्रत्येक ग्रंथातून उपयोग शोधतो. आपले वाचन तपासू इच्छिणाऱ्याने म्हणून कपाटाची दोन भागांत वाटणी करून पाहावी. जी पुस्तके टाकवत नाहीत पण उघडलीही जात नाहीत ती बहुधा घराने दिलेली; ज्यांची पाने सुटली, कडा काळवंडल्या, ती आयुष्याने आणलेली. पहिल्या भागाविषयी कृतज्ञ असावे, दुसऱ्याविषयी प्रामाणिक असावे. आणि दोन्ही भागांत न बसणारे, कोणत्याही गरजेवाचून, केवळ कुतूहलाने आणलेले एखादे पुस्तक कपाटात निघाले तर ते आधी वाचावयास घ्यावे. कारण आपल्या मुलांना ते घरातून आलेले पुस्तक म्हणून मिळावयाचे आहे.