गृहपाठ : मुलाचा की घराचा?

बडोदेकरांना शाळेचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. मुलाला शाळेत आणावे कसे, हा त्या काळचा प्रश्न होता. आजचा प्रश्न उलट आहे. दप्तरात बसून शाळाच घरी येते. तिला घरात किती जागा द्यावी?

आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपले बालक घरी मराठी बोलते, अंगणात गुजरातीत खेळते आणि बहुधा इंग्रजीत शिकते. आजोबा ‘एकोणतीस’ म्हणतात, शेजारचा सवंगडी ‘ओगणत्रीस’ म्हणतो आणि वहीत ‘ट्वेंटी-नाइन’ लिहावयाचे असते. हिंदीच्या अक्षरांना शिरोरेघ द्यावयाची, गुजरातीच्या अक्षरांना द्यावयाची नाही. सात वर्षांच्या जिवाने दिवसभर ही कसरत करावी आणि सायंकाळी पुन्हा दोन तास वहीपुढे बसावे, ही अपेक्षा रास्त आहे काय?

ती रास्त नाही, असे जाणत्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील दप्तराची कैफियत मांडली. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९९३ च्या अहवालात स्पष्ट म्हटले, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नसावा. असलाच तर घरच्या परिसराचा शोध घेण्यापुरता असावा. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानेही दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीस आठवड्याला फार तर दोन तास आणि सहावी ते आठवीस दिवसाला फार तर एक तास, अशी मर्यादा सांगितली आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. परंतु शिक्षकांशी बोलताना पालकांना त्याचा आधार घेता येतो.

मात्र शाळेत जाण्यापूर्वी दुखणे नेमके कोठे आहे, हे घरीच पाहिले पाहिजे. मूल रडते म्हणजे काम फार आहे, असेच नव्हे. काम फार असू शकते, ते न कळणारे असू शकते, किंवा मूल केवळ थकलेले असू शकते. यासाठी आम्ही एक साधा उपाय सुचवितो. आठवडाभर एका कागदावर विषय, आरंभाची वेळ व शेवटाची वेळ टिपावी. सर्वच विषयांना वेळ लागत असेल तर काम अधिक आहे. एकाच विषयाशी अडत असेल तर तो वर्गात समजलेला नाही. फळ्यावरचे उतरवून आणताना वारंवार चुका होत असतील तर डोळे तपासून घ्यावेत. सकाळी सहज सुटणारे गणित रात्री सुटत नसेल, तर त्या मुलाला शिकवणीची नव्हे, झोपेची गरज आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असे वैद्यक सांगते.

शाळेतून येताच वही पुढे ठेवू नये. आधी खाणे, मग तासभर मोकळे खेळणे. नंतर दिवेलागणीपूर्वी कामाला बसवावे. काम लहान तुकड्यांत द्यावे : पाच गणिते, मग पाणी पिणे, एक परिच्छेद, मग गच्चीवर एक फेरी. आईने किंवा बाबांनी जवळ बसावे, पण आपले काहीतरी हाती घेऊन. अडले तर पहिली पायरी दाखवावी, उत्तर सांगू नये. मुलाच्या हस्ताक्षरात आपण लिहून दिलेली वही शिक्षकांची फसवणूक करते. मुलाला काय येत नाही, हे त्यांना कळतच नाही.

ठरलेली वेळ संपली की वही मिटावी. डायरीत नम्रपणे लिहावे : ‘अर्धा तास मन लावून केले, एवढे झाले.’ अशा चार नोंदी जमल्यावर आठवड्याचा कागद घेऊन शिक्षकांना भेटावे. एका वर्गात पन्नास मुले सांभाळणाऱ्या शिक्षकांना, आपल्या शब्दाने कोणत्या घरी किती वेळ जातो, याची कल्पना असतेच असे नाही. तक्रारीच्या सुरात न बोलता ‘यातले आवश्यक कोणते?’ असे विचारावे.

आणि एक गोष्ट आपल्या मराठी घरांसाठी. वहीपायी रात्र सरते तेव्हा सर्वप्रथम काय गळते? आजीची गोष्ट गळते, मोठ्याने वाचलेले पुस्तक गळते, जेवताना होणाऱ्या गप्पा गळतात. शाळेत मराठी नसलेल्या मुलाची भाषा याच वेळात वाढत असते. म्हणून काही सुज्ञ पालक रात्री मराठीचीही वही काढतात. हेतू चांगला, पण त्याने मातृभाषा हा आणखी एक गृहपाठ होतो. मराठी वहीतून नव्हे, मांडीवरून यावी. त्यासाठी मुलाला रोज अर्धा तास रिकामा हवा, आणि तो मिळवून देणे हा मात्र खरोखर आपला, मोठ्यांचा गृहपाठ आहे.