खटलाच उभा राहिला नाही तर?

नागपूरहून वर्ध्याकडे येताना बुटीबोरी, बोरखेडी मागे पडली की सिंदी लागते. वर्ध्याला लागून आणखी एक सिंदी आहे, मेघ्यांची. म्हणून हिच्या नावापुढे कंसात 'रेल्वे'. तालुक्याचे ठिकाण सेलू, जिल्ह्याचे वर्धा. अशा गावातला माणूस कोर्टाची पायरी हौसेने चढत नाही. चढलाच तर निकाल काय लागेल, एवढीच धास्ती त्याला असते. खटला मुळात उभाच राहणार नाही, हे त्याच्या मनातही येत नाही.

समजा, एका शेतकऱ्याने व्यापाऱ्याला उधारीवर कापूस दिला. चुकारा दिवाळीत देतो म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानाला दिवाळीत कुलूप. शेतकऱ्याने ठाण्यात जाऊन फसवणुकीची फिर्याद नोंदवली. काही महिन्यांनी चौकशीला गेला तर उत्तर मिळते, 'तुमच्या केसमध्ये समरी गेली.' समरी म्हणजे काय, हे विचारायचा संकोच वाटतो. तो मान डोलावतो आणि एस.टी. धरतो.

महाराष्ट्रात पोलिसांना खटला भरावासा वाटला नाही, तर ते मॅजिस्ट्रेटकडे समरी अहवाल पाठवतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी सापडत नाही किंवा पुरावा पुरत नाही. 'ब' समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. तिच्यात उलट फिर्यादीवरच कारवाईची परवानगी मागितली जाऊ शकते. 'क' समरी म्हणजे गैरसमजुतीतून झालेली तक्रार, किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचे. आपल्या कापूसवाल्याच्या वाट्याला बहुधा ही 'क' येते. 'देण्याघेण्याचा व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा,' असे त्याला सांगतात. वकील, स्टॅम्प आणि तारखा यांचा खर्च कापसाच्या पैशातून करायचा होता, आणि ते पैसे तर व्यापाऱ्याकडे!

मात्र समरी हा पोलिसांचा अभिप्राय आहे, निकाल नव्हे. तो स्वीकारायचा की नाही, हे मॅजिस्ट्रेटच्या हाती असते. भगवंतसिंग नावाच्या एका बापाची मुलगी जळून मेली होती. त्याने दिल्लीच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध दाद मागितली, आणि 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रकरण बंद करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. फिर्यादीने विरोध अर्ज दिला, तर मॅजिस्ट्रेट पुढील तपासाचा हुकूम देऊ शकतात, किंवा समरी नाकारून स्वतःच प्रकरणाची दखल घेऊ शकतात. त्या निकालात एक मेख मात्र आहे. नोटिशीचा हक्क फिर्यादीचा. जखमी माणूस किंवा मृताचे नातेवाईक स्वतः फिर्यादी नसतील तर त्यांना नोटीस हक्काने मिळत नाही. ते आपणहून हजर झाले तर त्यांचे ऐकले जाते. फिर्यादीच्या जागी नाव कोणाचे लिहिले आहे, हे पहिल्याच दिवशी पाहावे, ते यासाठी.

एवढा हक्क श्रीमंत अमेरिकेतही सहज मिळत नाही. जेफ्री एपस्टाइन या धनाढ्याने अल्पवयीन मुलींवर अत्याचार केले. 2007 साली केंद्रीय सरकारी वकिलांनी त्याच्याशी खटला न भरण्याचा करार केला आणि मुलींपासून तो लपवून ठेवला. पीडितांच्या हक्कांचा कायदा तिथे 2004 पासून होता. तरीही 2021 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी ठरवले की खटलाच भरला नव्हता, म्हणून त्या कायद्याखाली दाद मागता येत नाही. आरोपपत्र नाही, म्हणून हक्क नाही. आणि आरोपपत्र का नाही, हे विचारायचाही हक्क नाही.

खटला भरल्यावरही तो काढून घेता येतो. आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय आपल्या सरकारने अनेकदा घेतले आहेत, आणि दगड लागलेल्या दुकानदाराला ते वर्तमानपत्रात वाचून कळतात. 2000 साली वीरप्पनने अभिनेते राजकुमार यांना पळवून नेले, तेव्हा कर्नाटक सरकार वीरप्पनच्या साथीदारांवरचे 'टाडा'चे आरोप मागे घ्यायला निघाले. म्हैसूरच्या न्यायालयाने परवानगीही दिली. 1992 मध्ये वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका फौजदाराचे वडील, अब्दुल करीम, दिल्लीला गेले. एका बाजूला अख्ख्या राज्याचा लाडका नट, दुसऱ्या बाजूला गेलेल्या मुलाचा बाप. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2000 मध्ये ती परवानगी रद्द केली. त्यानंतर काही दिवसांतच राजकुमार सुखरूप घरी परतले.

महाराष्ट्रातही असा एक बाप उभा राहिला. मालेगावच्या 2008 च्या स्फोटात सहा जण गेले. 2016 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने काही आरोपींविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगितले, तेव्हा एका मृताच्या वडिलांनी न्यायालयात विरोध केला. 2025 च्या जुलैत सातही आरोपी निर्दोष सुटले. तरी त्या बापाचे म्हणणे ऐकले गेले ते योग्यच झाले, असे मला वाटते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने यात थोडी भर घातली आहे. जुन्या कायद्यात 'पीडित' ही व्याख्या आरोपीवर दोषारोप ठेवला जाण्याशी बांधलेली होती. ती अट आता नाही. खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे. मोबाइलवर कळवले तरी चालते.

तेव्हा फिर्याद नोंदवताना तिची प्रत मागून घ्यावी, ती फुकट मिळते. त्यावर आपला चालू मोबाइल नंबर आहे ना, आणि पत्त्यात 'सिंदी'पुढे 'रेल्वे' लिहिले आहे ना, हे तिथेच वाचून पाहावे. नोटीस आली तर तिच्यावरची तारीख चुकवू नये. वकील परवडत नसेल तर वर्ध्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.