गरोदरपणातले वजन : काटा काय सांगतो?

गरोदर बाईला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "तू आता दोन जिवांची, दोघांचे खा." दुसरा, "फार खाऊ नकोस, बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल." गंमत अशी, की हे दोन्ही सल्ले पुष्कळदा एकाच घरातून मिळतात. त्यातच दर महिन्याला उपकेंद्रात किंवा दवाखान्यात तिला वजनकाट्यावर उभे केले जाते, कार्डावर एक आकडा लिहिला जातो आणि ती घरी जाते. तो आकडा चांगला की वाईट, तो कशाशी ताडून पाहायचा, हे तिला क्वचितच कोणी समजावून सांगते.

या लेखात आपण त्या आकड्याकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. मोजमापात चूक किती असू शकते, आकड्यावरून निष्कर्ष कसा काढावा आणि कसा काढू नये, हे धडे या एका विषयात चांगले शिकता येतात. शिवाय विषय प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरातला आहे.

साडेबारा किलोंचा हिशेब

गरोदरपणात वाढलेले वजन म्हणजे बाळाचे वजन, असा एक सर्वसाधारण समज असतो. पण बाळ तर तीन किलोंच्या आसपासचे. मग उरलेले वजन कशाचे? हिटन आणि लीच या ब्रिटनमधील संशोधकांनी १९६४ साली गर्भावस्थेच्या शरीरक्रियेवर एक ग्रंथ लिहिला. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या स्त्रीचे वजन सरासरी १२.५ किलोंनी वाढते, असे त्यांनी मांडले. त्याचा हिशेब साधारण असा लागतो :

बाळ – ३.४ किलो
वार – ०.६५ किलो
गर्भजल – ०.८ किलो
गर्भाशयाची वाढ – ०.९७ किलो
स्तनांची वाढ – ०.४ किलो
वाढलेले रक्त – १.४५ किलो
पेशींबाहेरील जादा पाणी – १.४८ किलो
साठवलेली चरबी – ३.३५ किलो

बेरीज करून पाहा, बरोबर १२.५ येते. म्हणजे बाळाचा वाटा पाव हिश्शाहून थोडाच जास्त. वारेतून बाळापर्यंत अन्न आणि प्राणवायू पोचवायचे, तर आईचे रक्त वाढावेच लागते. चरबीचा साठा तर बाळंतपणानंतर अंगावर पाजण्यासाठीची शिदोरीच होय. तेव्हा "बाईच जाड झाली, बाळाला काही मिळाले नाही" या म्हणण्याला अर्थ नाही. आईच्या अंगी लागलेले बहुतेक सगळे बाळासाठीच राखलेले असते.

आता हाच हिशेब उलट करू. एखाद्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत फक्त ६ किलोंनी वाढले आणि तिला २.७ किलोंचे बाळ झाले. बाळ, वार, गर्भजल, गर्भाशय यांचेच पाच किलोंच्या आसपास झाले. रक्त आणि स्तन यांची वाढ धरली, की सहा किलो केव्हाच संपतात. मग चरबीच्या साठ्यासाठी उरले काय? काहीच नाही. उलट स्वतःच्या अंगावरचे थोडे मांस-चरबी तिने खर्ची घातलेली असण्याचा संभव आहे. काट्यावर वजन वाढलेले दिसते, पण बाई मात्र झिजलेली असते. ही वजाबाकी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी असे आम्ही सुचवू. एरवी "सहा किलो वाढले की!" असेच कोणीही म्हणेल.

बाळ लहानच बरे?

बाळ लहान ठेवण्याची कल्पना केवळ आजीबाईंची नव्हे. १८८९ साली जर्मनीतील हॅम्बुर्गच्या प्रोखोव्हनिक नावाच्या डॉक्टरांनी गरोदर स्त्रियांसाठी पिष्टमय पदार्थ आणि पाणी कमी केलेला आहार सुचवला. त्या काळी युरोपात मुडदूस फार होता. त्याने कमरेची हाडे वेडीवाकडी झालेल्या स्त्रियांना बाळंतपण म्हणजे जिवावरचे संकट असे. शस्त्रक्रिया आजच्याइतकी सुरक्षित नव्हती. विशिष्ट स्त्रियांसाठीचा हा उपाय पुढे मात्र सरसकट सर्वांना लागू होऊ लागला.

विसाव्या शतकाच्या मध्यास त्याला आणखी एक कारण मिळाले. गरोदरपणात काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात, अंगावर सूज येते. हा आजार आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. सूज म्हणजे साठलेले पाणी, म्हणून अशा स्त्रियांचे वजन एकाएकी वाढते. यावरून अनेक डॉक्टरांनी निष्कर्ष काढला, की वजन वाढल्यामुळे आजार होतो. सबब वजनच वाढू देऊ नये. अमेरिकेत सात ते नऊ किलोंपेक्षा जास्त वजन वाढू न देण्याचा प्रघात पडला आणि काट्यावर आकडा जास्त दिसला, की बाईला बोलणी बसू लागली. येथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली होती. पाण्याने वाढलेले वजन हे आजाराचे लक्षण होते. जेवण तोडून ते कारण दूर होणार नव्हते.

पोटातले बाळ आईकडून हवे तेवढे ओढून घेतेच, हीही एक समजूत होती. तिची परीक्षा एका दारुण प्रसंगाने झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांच्या नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली. माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. ज्या स्त्रियांचे शेवटचे तीन महिने या काळात गेले, त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने कमी भरले. आई उपाशी, तर बाळही उपाशी, हे तेथील रुग्णालयांच्या नोंदींनी दाखवून दिले.

१९७० मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने ही मर्यादा नऊ ते अकरा किलोंपर्यंत वाढवली. १९९० मध्ये आणि नंतर २००९ मध्ये नवे तक्ते आले. त्यांत सर्वांना एकच आकडा न देता सुरुवातीच्या शरीरयष्टीनुसार आकडे दिले. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले, की देहभार निर्देशांक मिळतो. २००९ च्या तक्त्यानुसार हा निर्देशांक १८.५ हून कमी असल्यास १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २५ असल्यास ११.५ ते १६, २५ ते ३० असल्यास ७ ते ११.५, आणि त्याहून जास्त असल्यास ५ ते ९ किलो वाढ योग्य मानली आहे. म्हणजे जी मुळात सडपातळ, तिने जास्त वजन मिळवायचे. आपल्याकडे नेमके उलटे दिसते. ज्या स्त्रियांना वाढीची सर्वांत जास्त गरज, त्यांचेच वजन सर्वांत कमी वाढते.

पुण्याजवळची सहा खेडी

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. निर्देशांक काढून पाहा : ४२ भागिले २.३१, म्हणजे साधारण १८.२. सरासरी स्त्रीच कमी वजनाच्या गटात होती. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोंच्या आसपास भरले.

अभ्यासात काही अनपेक्षित गोष्टी पुढे आल्या. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. पण ज्या स्त्रियांच्या जेवणात पालेभाज्या, दूध आणि फळे वरचेवर होती, त्यांची बाळे मोठी होती. ज्यांच्यावर शेतीचे आणि घरचे कष्ट जास्त होते, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे ताटात किती वाढले एवढेच पाहून भागत नाही. ताटात काय आहे आणि डोक्यावर हंडे किती आहेत, हेही पाहावे लागते. आणखी एक गोष्ट अशी, की ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्यामानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो, असे मानले जाते. "लहान बाळ, सोपे बाळंतपण" हा व्यवहार दिसतो तेवढा स्वस्त नाही.

डायान कॉफी या संशोधिकेने २००५ च्या सुमाराच्या माहितीवरून २०१५ मध्ये अंदाज मांडला, की भारतातील सुमारे ४२ टक्के स्त्रिया गरोदर राहतात तेव्हाच कमी वजनाच्या असतात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के होते. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत कमी निर्देशांक असलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३५.५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये १८.७ टक्क्यांवर आले. मात्र त्याच पाहणीत वजन नोंदवलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोंहून कमी वजनाची निघाली. दुसरीकडे शहरांत जास्त वजन आणि गरोदरपणातला मधुमेह हे प्रश्न वाढत आहेत. तेथे "दोघांचे खा" हा सल्ला घातक ठरू शकतो.

मुळात दोघांचे खायचे म्हणजे किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त हव्यात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध यांत त्या मिळून जातात. दुप्पट जेवणाची गरज नाही. पण ही एक भाकरी सर्वांचे जेवण झाल्यावर पाटीत उरली पाहिजे, हीच अनेक घरांतली अडचण असते.

काट्याची चूक आणि सरासरीची फसवणूक

आता मोजमापाकडे वळू. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे वजन थोडे कमीही होऊ शकते. त्यानंतर ते महिन्याला सुमारे दोन किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो वाढावे, असे आपल्या आरोग्यसेविकांसाठीच्या २०१० च्या शासकीय मार्गदर्शिकेत सांगितले आहे. एकूण वाढ नऊ ते अकरा किलो अपेक्षित धरली आहे. एका महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढ झाली, तर रक्तदाबाचा आजार, जुळे किंवा मधुमेह आहे का, हे तपासायचे असते.

अर्धा लिटर पाण्याचे वजन अर्धा किलो भरते, हे आपण शाळेत शिकवतो. म्हणजे काट्यावर चढण्याआधी बाईने तांब्याभर पाणी प्यायले, तर आठवड्याची वाढ काटा तिथल्या तिथे दाखवील! चपला, जाड लुगडे, शून्यावर नसलेला काटा, खडबडीत जमीन, यांचा परिणामही एवढाच असू शकतो. म्हणून शक्यतो तोच काटा, तीच वेळ, साधारण तसेच कपडे, आणि दोन वजनांत पुरेसे अंतर, हे नियम पाळावे लागतात. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. दोन आकड्यांतील फरक पाहावा लागतो.

वर्गात पुढील उदाहरण द्यावे. समजा, एका बाईचे वजन तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ४२ किलो होते. पुढील महिन्यांत ते अनुक्रमे ४३.५, ४५, ४६.५, ४६.५ आणि आठव्या महिन्यात ५०.५ झाले. पाच महिन्यांत ८.५ किलो, म्हणजे महिन्याला सरासरी १.७ किलो. सरासरी पाहिली तर सारे ठीक वाटते. पण आलेख काढायला सांगा. सातव्या महिन्यात रेघ आडवी होते आणि आठव्यात एकदम चार किलोंनी वर जाते. सातव्या महिन्यात "काय खातेस? काम किती करतेस?" असे विचारायला हवे होते, तसेच काटाही तपासायला हवा होता. आठव्या महिन्यात त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासायला हवी. निदान या तपासण्या करतात. ते काम वजनाचे नव्हे. वजन फक्त कोठे थांबून पाहायचे ते दाखवते.

या मर्यादा लक्षात घेऊनच ब्रिटनच्या २००३ मधील मार्गदर्शक सूत्रांत सांगितले होते, की सुरुवातीला वजन-उंची घ्यावी, पुढे मात्र उपचारात फरक पडणार असेल तेथेच वजन घ्यावे. वरचेवरच्या वजनाने लहान बाळे नेमकी ओळखता येत नाहीत आणि स्त्रियांची काळजी मात्र वाढते, असा अनुभव होता. मग आपणही वजन घेणे सोडावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जेथे स्त्री मुळातच कमी वजनाची आहे, तेथे दर महिन्याचा आकडा उपयोगाचा आहे, पण त्यामागून काही घडत असेल तरच. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागांतील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. काटा आणि ताट अशी जवळ आली, तर नोंदीला अर्थ येतो.

आणखी एक. वजन घेताना आकडा रांगेसमोर मोठ्याने सांगितला जातो. कोणाला दृष्ट लागण्याची भीती वाटते, कोणाला सासूसमोर संकोच. मग पुढच्या वेळी बाई येतच नाही. नर्सबाईंनी आकडा हळू आवाजात सांगितला आणि मागच्या महिन्याचा आकडा शेजारी दाखवला, तर हे टळेल.

शाळेतही आपण मुला-मुलींची वजने घेतो, तेथेही हेच लागू आहे. आज नववीत असलेल्या मुलीचे वजन, उंची आणि अंगातले रक्त हेच उद्या तिच्या गरोदरपणाचे सुरुवातीचे आकडे ठरणार आहेत. वय भरण्याआधी तिचे लग्न झाले, तर तिची स्वतःची वाढ आणि बाळाची वाढ एकाच ताटावर भागवावी लागेल. म्हणून तिची वजन-उंची वर्षातून दोनदा, एकेकीला बाजूला घेऊन नोंदवावी आणि तिचा आलेख तिलाच काढू द्यावा. वाढ थांबलेली दिसली, तर घरी कोण केव्हा जेवते आणि तिच्या वाटणीला काय उरते, हे पालकसभेत आईबरोबर वडिलांनाही जरूर विचारावे.